खेत्याची बाग आणि आमची चित्रं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं दर रविवारी एकाच जागी बसायला लागली की ते आपसूक साठतात, ब्रश धुवायच्या डब्याच्या तळाला रंग साठतो तसे. वरचं पाणी कितीदा ओतून द्या, गाळ राहतोच. माझ्या डब्यात असा गाळ पुष्कळ आहे आणि आज तो ढवळायची मला हुक्की आली आहे.

हे सगळं दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण ज्या अध्यक्षांची मी पुढे थोडी फजिती सांगणार आहे त्यांचे नातू मला अजून लग्नाला बोलावतात. गावाला नगरपालिका होती आणि नगरपालिकेला एक बाग होती. कडुनिंबांची एक रांग, दोन बकुळी, मधोमध दगडी हौद आणि सहा बाकं. हौदात पाणी फक्त पावसाळ्यात, तेही आभाळानं टाकलं तर.

या बागेत दर रविवारी सकाळी आम्ही चौघं चित्रं काढायला बसायचो. हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर, म्हणजे आमचे गुरू. मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण गंगूताई. तापीकाठचे गुजर शेतकरी छगनभाई, जे पहाटे बैलगाडी जुंपून रंग शिकायला यायचे. आणि मी, मामलेदार कचेरीतला नवा कारकून, ज्याला आपण फार मोठे चित्रकार होणार अशी खात्री होती. ती खात्री पुढे उडाली. चित्रं मात्र अजून माळ्यावर आहेत.

आणि बागेचा माळी खेत्या. मोलगीकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी. झाडांशी पावरीत बोलायचा, आमच्याशी अहिराणीत. बायको आणि दोन मुलींसह बागेतल्याच अवजारांच्या खोलीत राहायचा. आमच्या चित्रांपायी त्या बिचाऱ्याची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही जायची पाळी आली होती. ते कसं, तेच सांगतो.

*

मास्तर मुंबईला शिकून आलेले. त्यांचा नियम एकच: जे सुंदर आहे ते काढा, जे सुंदर नाही ते सोडून द्या. या नियमानं बागेतली कचऱ्याची गाडी गेली, मुतारी गेली, कुंपणाचा मोडका भाग गेला. हौद कोरडा दिसायचा तर मास्तर म्हणत, "कागद तुमचा आहे, पाणी भरा." आम्ही भरायचो. कागदावर पाणी भरायला मोट लागत नाही.

एका रविवारी छगनभाईंनी चित्राच्या मधोमध एक बकरी काढली. पोटाखाली सावलीसुद्धा घातली होती. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि ती पुसायला सांगितलं. छगनभाई काही केल्या ऐकेनात.

"मास्तर, बकरी रोज येस. बकुळ वरीसमा एकदाव फुलस. मंग बागमा जास्त कोन ऱ्हास?"

मास्तरांनी शेवटी स्वतःच्या हातानं बकरीवर पांढरा रंग फिरवला. पुढे प्रदर्शनात लोक त्या पांढऱ्या डागाला हात जोडून जात. त्यांना ती समाधी वाटली!

*

याच छगनभाईंनी एकदा कडुनिंब काढला. उत्तम काढला. फक्त कागदाचा खालचा अर्धा भाग मुळांनी भरून टाकला होता. जाड मुळं, बारीक मुळं, एक तर चक्क हौदाखालून पलीकडे गेलेलं.

मास्तरांनी समजावलं की मुळं जमिनीत असतात, दिसत नाहीत, म्हणून काढायची नसतात. छगनभाईंनी शांतपणे ब्रश पुसला आणि विचारलं, "मूळ नई काढं तं झाड उभं कशावर ऱ्हाई?"

मास्तर त्या दिवशी लवकर घरी गेले. पुढच्या रविवारी आले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि छगनभाईंनी मुळं काढणं सोडलं नाही.

*

खेत्या आमच्या चित्रांकडे ढुंकूनही पाहत नसे. पाठीमागून गावभरचे लोक वाकून वाकून बघायचे, हा मात्र पाण्याची घागर घेऊन सरळ निघून जायचा. मास्तरांना ते मनाला लागायचं. एकदा त्यांनी त्याला हाताला धरून आणलं आणि आपल्या बकुळीच्या चित्रासमोर उभं केलं. चित्र सुरेख होतं. हिरवा रंग संपला होता म्हणून मास्तरांनी अर्ध्या पानांवर पिवळा फिरवला होता, आणि खरं सांगायचं तर त्या पिवळ्यानंच चित्राला मजा आली होती.

खेत्यानं बराच वेळ पाहिलं. चेहरा उतरला. "याले पानी कमी पडी ऱ्हायनं," एवढं म्हणाला आणि तडक जाऊन खऱ्या बकुळीच्या बुंध्याशी दोन घागरी ओतून आला.

आम्ही हसून हसून लोळलो. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, माझ्या चित्रावर आजवर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता.

*

त्या काळी बाईमाणूस बागेत बसून चित्र काढतंय हा आमच्या गावात तमाशाच होता. गंगूताईंभोवती पुरुषांची ही गर्दी! दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. गंगूताईंनी वेगळाच उपाय काढला. जो पुढे येऊन उभा राहील त्याला काम. एकाला पाण्याचा डबा धरायला लावला, एकाला चित्राचा फळा तोलायला, एकाला माशा वारायला. शाळेतला आवाज लावला की भले भले हात पुढे करायचे. तीन रविवारांत गर्दी पार ओसरली.

चौथ्या रविवारी एकच गृहस्थ आले. कोट, जरीचा रुमाल, हातात काठी. गंगूताईंनी वर न बघता त्यांच्या हातात छत्री दिली आणि ऊन चित्रावर येऊ देऊ नका म्हणून बजावलं. गृहस्थ दोन तास छत्री धरून उभे राहिले.  चित्र पुरं झाल्यावर ताईंनी वर पाहिलं, तर छत्रीखाली नगरपालिकेचे अध्यक्ष रावसाहेब!

ताईंच्या हातून ब्रश पडला. रावसाहेब मात्र चित्रावर खूष होते. म्हणाले, आपली बाग इतकी छान आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. नव्हतंच माहीत, कारण ती तशी नव्हती. पण हे त्यांना सांगायचं कुणी? त्यांनी तिथल्या तिथं प्रदर्शन भरवायचं ठरवून टाकलं.

*

प्रदर्शन हायस्कूलच्या हॉलमध्ये भरलं. बागेची बावीस चित्रं, सगळी फ्रेममध्ये. काठोकाठ भरलेला हौद, हौदात माझी कमळं, मास्तरांचे दोन राजहंस, गंगूताईंची निळीशार बाकं. गाव लोटला. बागेच्या फाटकाशी चणे-फुटाणे विकणारी म्हातारीही आली. एकेक चित्र निरखत शेवटपर्यंत गेली आणि मला विचारलं, हे कुठल्या गावचं? मी म्हटलं, माय, ही आपलीच बाग.

"मंग मी रोज कोठे बठस?" ती म्हणाली.

आम्हाला तेव्हा हसू आलं. दुसऱ्या दिवशी पळालं. कारण दुसऱ्या दिवशी कलेक्टरसाहेब आले. गोरा, उंच, तरुण माणूस. मराठीची परीक्षा पास झालेला, त्यामुळे छापील पुस्तकासारखं मराठी बोलायचा. टूरवर डोंगराकडे चालला होता, वाटेत रावसाहेबांनी त्याला प्रदर्शनात आणलं. चित्रं पाहून साहेब भारावला. म्हणाला, "परतीच्या मार्गावर, होळीच्या पूर्वी, हे उद्यान आम्ही स्वतः अवलोकन करू."

हात जोडून "अवश्य, अवश्य" म्हणत रावसाहेबांनी साहेबाला मोटारीत बसवलं आणि तसेच बागेत गेले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. फाल्गुनातली बाग. हौदाच्या तळाला भेगा, हिरवळीच्या जागी माती, आणि बाकावर एक बकरी.

त्यांनी खेत्याला बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं की बाग एवढी चांगली होती ती तूच घालवलीस. साहेब यायच्या आत ती चित्रात आहे तशी झाली नाही तर खोली रिकामी कर आणि डोंगराची वाट धर. होळीला डोंगरात घरी जायची रजाही बंद.  खेत्याची बायको खोलीच्या दारात उभी होती, ती आत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमळं मी काढली होती आणि घर त्याचं चाललं होतं. मी रावसाहेबांना खरं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, म्हणजे आम्ही साहेबाला खोटी चित्रं दाखवली असं तुमचं म्हणणं आहे काय? कारकुनानं अशा प्रश्नाला हो म्हणायचं नसतं. मी म्हटलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

*

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. गंगूताईंनी निकाल दिला: ज्यानं जे खोटं काढलंय ते त्यानं खरं करून आणायचं. म्हणजे माझ्याकडे कमळं, मास्तरांकडे राजहंस, ताईंकडे निळी बाकं. हिशेबात छगनभाईंचं नाव कुठंच येईना. ते मांडी ठोकून म्हणाले, "मन्हा झाडना मुळं जमीनमाच शेतस. जाई पाहा."

पण पाणी सगळ्यांनीच काढलं होतं, आणि ते आणलं छगनभाईंनीच. साहेब यायच्या दिवशी सकाळी त्यांच्या गावाहून सहा बैलगाड्या आल्या, प्रत्येकीवर दोन दोन पिंपं भरून. कापूस वेचायचा सोडून माणसं आली होती. त्यांच्यातल्या एकानंही कधी चित्र पाहिलं नव्हतं. 

खेत्या हात जोडून एवढंच म्हणत होता, "हौदमा टाकीसन काय करश्यात? झाडस्ले द्या." पण रावसाहेब जातीनं उभे होते. पाणी हौदात गेलं. हौद पहिल्या तासातच गळायला लागला.

*

राजहंस आमच्या मुलखात कुठले? मास्तरांनी डाक बंगल्याच्या खानसाम्याकडून दोन पांढरी बदकं आणली. खानसामा देईना. शेवटी एका अटीवर दिली: पाचच्या आत परत पाहिजेत, कारण साहेबाच्या जेवणात तीच आहेत.

मास्तर जन्माचे शाकाहारी. दुपारभर ते त्या बदकांच्या डोळ्याला डोळा देईनात.

गंगूताईंनी बाकं रंगवली ती अगदी चित्रातल्यासारखी निळी. ऑइलपेंट थोडा कमी पडत होता म्हणून मास्तरांनी त्यात अळशीचं तेल ओतलं. जरा जास्तच ओतलं. दोन दिवस झाले तरी बाकं वाळेनात. ताईंनी प्रत्येक बाकावर "बसू नये" अशी पाटी लावली. रावसाहेबांना वाटलं, ही पाटी लोकांसाठी आहे. ते बसले.

पांढरंशुभ्र धोतर, मागे पाच निळे पट्टे! घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

*

आता साहेब आला त्याचं सांगतो. यातलं काहीही मी वाढवलेलं नाही.

भोंगा ऐकून बदकं बिथरली आणि फाटकातून बाहेर पळाली. त्यामुळे मोटारीतून उतरल्या उतरल्या साहेबाला पहिलं दृश्य दिसलं ते असं की एक कोट घातलेला सज्जन माणूस दोन बदकांच्या मागे तळोद्याच्या रस्त्यानं धावतोय. हे कोण, म्हणून त्यानं विचारलं.

"आमचे कलाशिक्षक," रावसाहेब म्हणाले. बदकं सापडली नाहीत. त्या दिवशी साहेबाच्या ताटात म्हणे दुधीभोपळा होता.

रावसाहेब साहेबाकडे पाठ करेनात. बागभर उलटे चालत राहिले, हात जोडून, हसत हसत. साहेब गंगूताईंना म्हणाला की या प्रांतीचा विनय विलक्षण आहे.

मग तो हौदाशी आला. पाणी घोट्याएवढं उरलं होतं. माझी कमळं मी पहाटे तळ्यावरून कापून आणली होती. कमळ दुपारी मिटतं हे मला चित्र काढताना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबानं काठीनं एक कमळ ओढलं. ते दोन वीत देठासह अलगद बाहेर आलं. साहेबानं देठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

त्याला सगळं कळलं होतं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. अवजारांच्या खोलीच्या दारात खेत्याची बायको गाठोडं बांधून तयारच बसली होती, दोन्ही मुली तिला चिकटून. खेत्या हौदाच्या कडेला मान खाली घालून उभा होता. रावसाहेबांनी त्याच्याकडे बोट केलं आणि सुरुवात केली, साहेब, हा माळी...

साहेब ऐकत नव्हता. तो मागे वळून जायला लागला होता, आणि बकुळीपाशी त्याची काठी कशावर तरी लागून टण्ण वाजली. त्यानं वाकून पाहिलं. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं होतं, वर खापरीचं झाकण. पुढच्या झाडाशी तसंच. त्याच्या पुढच्या झाडाशी तसंच. बागेतल्या एकूण एक झाडाशी एक एक मडकं. आम्हाला ती मडकी माहीत होती. बसताना पायात येतात म्हणून आम्ही कटकटही केली होती. चित्रात ती कधीच घेतली नव्हती, कारण पुरलेलं मडकं काही सुंदर दिसत नाही.

साहेबानं खेत्याला बोलावलं. खेत्या भीत भीत आला.

"मडकं शे साहेब. पानी भरी ठेवस. मडकं हळूहळू पाझरस, झाड हळूहळू पेस. आम्हना डोंगरमा असंच करतस."

गंगूताईंनी साहेबाला ते समजावून सांगितलं. साहेबानं वर पाहिलं. त्याच्याबरोबर आम्हीही पाहिलं. होळी तोंडावर आलेली, बागेची विहीर तळाला गेलेली, आणि कडुनिंबांवर तांबूस कोवळी पालवी. एक झाड वाळलेलं नव्हतं. इतके रविवार आम्ही त्या झाडांसमोर बसलो होतो!

साहेब सरळ मातीत बसला. नोटबुक काढलं आणि मडक्याचं चित्र काढायला लागला. झाकण उघडून आत हात घालून किती ओल आहे ते बघितलं, खेत्याला पुन्हा पुन्हा विचारलं, लिहून घेतलं. यात अर्धा तास गेला. मग कपडे झटकत उठला आणि रावसाहेबांना म्हणाला की धुळ्याच्या आमच्या बंगल्यावर एक लिंबू जगत नाही, हा मनुष्य आम्हास द्या.

रावसाहेबांनी खेत्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, क्षमा करा. याच्याशिवाय आमची बाग एक दिवस चालायची नाही."

गंगूताईंना खोकला आला. छगनभाई त्यांना पाणी आणायला म्हणून गेले आणि भिंतीआड जाऊन हसत राहिले. मी खोलीच्या दाराकडे पाहिलं. खेत्याची बायको गाठोड्याची गाठ सोडत होती.

साहेबाला ते उत्तर पटलं. निघताना त्यानं खेत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुला काय पाहिजे ते माग म्हणाला. सगळी बाग कान देऊन उभी राहिली. रावसाहेबही, अर्थात साहेबाकडे तोंड करून. आम्हाला वाटलं, पगार वाढवून मागेल, दुसरी विहीर मागेल, निदान होळीची रजा तरी मागेल.

खेत्यानं आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं. बदकं न सापडता परत आलेले मास्तर घाम पुसत होते, त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग साहेबाला हात जोडून म्हणाला,

"साहेब, या लोकेस्ले इतलंच सांगा. बाग काढाना पहिले माले इचारत जा."